शस्त्र परवाना मागताना नियम ३ आपण अर्धाच का वाचतो?

गावात जातीय अत्याचाराची घटना घडली की दोन दिवसांत मोबाइलवर एकच मागणी फिरू लागते : पोलीस आमचं रक्षण करत नसतील तर आम्हाला बंदुकीचा परवाना द्या. ही मागणी नवी नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये हाथरसनंतर चंद्रशेखर आझाद यांनी वीस लाख बहुजनांना तातडीने शस्त्र परवाने द्यावेत आणि खरेदीवर सरकारने पन्नास टक्के अनुदान द्यावं, असं जाहीरपणे म्हटलं होतं. जून २०२३ मध्ये देवबंदला त्यांच्याच गाडीवर गोळीबार झाला आणि गोळी त्यांना चाटून गेली. मे २०२५ मध्ये आसामच्या मंत्रिमंडळाने बांगलादेश सीमेजवळच्या आणि मुस्लिमबहुल भागांतल्या 'मूळ रहिवाशांना' परवाने देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा आपल्या गटांतून पुन्हा तोच प्रश्न आला : त्यांना मिळतं, मग आम्हाला का नाही?

या प्रश्नाचं एक उत्तर सरळ आहे. सरकार ज्यांना आपलं मानतं त्यांच्या हातात बंदूक देतं. आसामात ज्यांना परवाने नाकारले जातील त्यांनाही भीती आहे, पण त्यांची भीती सरकारी भाषेत 'धोका' या नावाने नोंदली जाते. दुसरं उत्तर थोडं वेगळं आहे आणि ते आपल्या तरुणांपैकी फार थोड्यांना माहीत आहे. आपल्यासाठी शस्त्र परवान्याची तरतूद कायद्यात १९९५ पासून आहे. तीस वर्षं झाली. ती मागितली कोणी आणि दिली कोणी, याचा हिशेब आपण कधी मांडलेला नाही.

अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) नियम, १९९५ यातला नियम ३ हा अत्याचार होण्याआधी राज्य शासनाने काय करायचं याबद्दल आहे. त्यातल्या उपनियम १ चा पाचवा खंड म्हणतो की जीविताच्या आणि मालमत्तेच्या सुरक्षिततेसाठी, आवश्यक वाटल्यास, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना शस्त्र परवाने द्यावेत. व्हॉट्सॲपवर फिरतो तो एवढाच भाग. त्याच्या वरचे दोन खंड कोणी फिरवत नाही. तिसरा खंड सांगतो की आवश्यक वाटल्यास, अनुसूचित जाती-जमातींचे नसलेल्या व्यक्तींचे, त्यांच्या जवळच्या नातेवाइकांचे, नोकरचाकरांचे आणि कौटुंबिक मित्रांचे शस्त्र परवाने रद्द करावेत आणि ती शस्त्रं सरकारी शस्त्रागारात जमा करून घ्यावीत. चौथा खंड सांगतो की सगळी बेकायदा अग्निशस्त्रं जप्त करावीत आणि त्यांच्या निर्मितीला बंदी करावी. तिसऱ्या आणि पाचव्या खंडात 'आवश्यक वाटल्यास' आहे. चौथ्यात ती पळवाटही नाही.

म्हणजे नियम करणाऱ्यांनी आधी समोरच्याच्या हातातलं शस्त्र काढायला सांगितलं आहे आणि मग आपल्या हातात द्यायचा विचार केला आहे. आपण मात्र शेवटचं वाक्य उचललं. असं का झालं हे समजण्यासारखं आहे. मार खाऊन आलेल्या माणसाला परवाना रद्द करण्याची फाइल दिसत नाही, त्याला स्वतःचा रिकामा हात दिसतो. आणि हा हात आपोआप रिकामा झालेला नाही. १८९० च्या दशकात ब्रिटिशांनी महारांची सैन्यभरती बंद केली. त्याविरुद्ध गोपाळबाबा वलंगकरांनी आणि पुढे शिवराम जानबा कांबळे यांनी अर्ज केले. बाबासाहेबांनी 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये हाच मुद्दा मांडला आहे : खालच्या जातींनी चातुर्वर्ण्य इतकी शतकं सोसलं याचं एक कारण त्यांना शस्त्र धरायची मनाई होती. त्यामुळे परवान्याच्या मागणीला कोणी 'माथेफिरू पोरांची मागणी' म्हणून उडवून लावत असेल तर आम्हाला ते मान्य नाही. या मागणीला इतिहास आहे. तिच्यामागचा राग योग्य आहे. प्रश्न तिच्या उपयोगाचा आहे.

शिबिरांमध्ये मुलं आम्हाला अगदी बारकाईने विचारतात. रिव्हॉल्व्हर घ्यावं की पिस्तूल, कोणता बोअर, कोणती गोळी समोरच्याला 'थांबवते'. हे ज्ञान बहुतेक अमेरिकन व्हिडिओंतून आलेलं असतं, तेव्हा तिथली गोष्ट आधी नीट समजून घेऊ. अमेरिकेत हा वाद पेटला तो ११ एप्रिल १९८६ च्या मियामीतल्या चकमकीनंतर. दोन दरोडेखोरांशी झालेल्या त्या गोळीबारात एफबीआयचे दोन अधिकारी मेले. सुरुवातीलाच एका दरोडेखोराच्या दंडातून छातीत शिरलेली नऊ मिलिमीटरची गोळी हृदयाच्या अलीकडे थांबली आणि तो आणखी काही मिनिटं लढत राहिला. त्यानंतर एफबीआयने गोळीसाठी कसोटी ठरवली : जिलेटिनच्या ठोकळ्यात ती किमान बारा आणि जास्तीत जास्त अठरा इंच शिरली पाहिजे. कमी शिरली तर उपयोग नाही, जास्त शिरली तर पलीकडच्या माणसाला लागते. म्हणून तिथे टोकाला पोकळ असलेली, शरीरात उमलणारी गोळी पसंत केली जाते. बोअर मोठा करून पाहिला, दहा मिलिमीटर झाला, पॉइंट चाळीस झाला, आणि शेवटी २०१५ च्या सुमारास एफबीआय पुन्हा नऊ मिलिमीटरवर आली. कारण सांगितलं ते असं की पिस्तुलाच्या गोळ्यांमध्ये फारसा फरक नसतो, नेम महत्त्वाचा असतो, आणि प्रत्यक्ष चकमकीत प्रशिक्षित पोलिसांच्याही बहुसंख्य गोळ्या चुकतात.

आता हे आपल्या वस्तीवर आणून बघा. पहिली गोष्ट, नऊ मिलिमीटर हा आपल्याकडे प्रतिबंधित बोअर आहे, सामान्य परवान्यावर मिळत नाही. साध्या परवानाधारकाच्या वाट्याला येतो तो बत्तीस बोअर. त्याची गोळी शिशाची किंवा धातूच्या आवरणाची, गोल टोकाची, आणि ती बनते आपल्या पुण्यात खडकीच्या दारूगोळा कारखान्यात. तो कारखाना १८६९ पासून आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या केल्या तेव्हापासून तो म्युनिशन्स इंडियाकडे आहे. काडतुसं किती घ्यायची तेही परवान्यावरच लिहिलेलं असतं, एका वेळी किती बाळगायची आणि वर्षात किती विकत घ्यायची. त्यामुळे 'कोणती गोळी निवडू' हा प्रश्न इथे जवळपास उरतच नाही. जी मिळते ती.

दुसरी गोष्ट भिंतींची. अमेरिकेतली चर्चा लाकडाच्या आणि जिप्समच्या भिंतींवर होते, तरी तिथे पलीकडच्या खोलीत झोपलेल्या मुलाची काळजी करतात. आपल्याकडे अर्धी वीट, वर पत्रा, मध्ये प्लायवूड किंवा साडीचा पडदा. न उमलणारी गोळी पत्र्यातून सहज पार जाते. रात्री दगडफेक सुरू झाली, गर्दी बोळात शिरली आणि घाबरलेल्या हाताने गोळी झाडली, तर ती शेजारच्या घरात कोणाला लागेल? दहा बाय दहाच्या खोल्या एकमेकांना चिकटून असलेल्या वस्तीत हा प्रश्न मुलांनी कधी विचारलेला आम्हाला आठवत नाही. विचारतात ते आया.

उमलणाऱ्या गोळीचा जन्म आपल्याच देशातला आहे, हेही सांगून ठेवतो. कोलकात्याजवळच्या दमदमच्या शस्त्रागारात १८९० च्या दशकात ती बनली, वायव्य सरहद्दीवरच्या टोळ्यांविरुद्ध वापरली गेली. १८९९ च्या हेग परिषदेत युद्धात तिच्यावर बंदी आली तेव्हा ब्रिटिश प्रतिनिधीचा बचाव असा होता की सुसंस्कृत माणूस साध्या गोळीने थांबतो, रानटी माणूस थांबत नाही. कोणाचं शरीर जास्त फाडायला हरकत नाही, हे ठरवणारे लोक सगळीकडे सारखेच असतात.

तिसरी गोष्ट पैशाची. २०१४ मध्ये कानपूरच्या कारखान्याने 'निर्भीक' नावाचं हलकं बत्तीस बोअरचं रिव्हॉल्व्हर महिलांसाठी म्हणून बाजारात आणलं, तेव्हाच त्याची किंमत सव्वा लाखाच्या आसपास होती. शेतमजूर बाईचं नाव घेऊन काढलेली वस्तू तिने वर्षभर एक पैसा खर्च न करताही परवडणार नाही, अशी. मग उरतो तो दुसरा रस्ता. चोपड्याच्या पलीकडे मध्य प्रदेशातल्या उमर्टीहून येणारी गावठी पिस्तुलं. महाराष्ट्रात पकडल्या जाणाऱ्या बेकायदा शस्त्रांच्या बातम्यांत या गावाचं नाव वारंवार येतं. (तिथल्या सिकलीकर कारागिरांना जन्मजात गुन्हेगार ठरवण्यात आम्हाला काडीचा रस नाही. पिढीजात लोहारकाम करणाऱ्या जमातीला दुसरा रोजगार कोणी दिला, हा वेगळा लेख होईल.) पण आपल्यातल्या तरुणाकडे असं पिस्तूल सापडलं तर शस्त्र अधिनियमाचं कलम २५ लागतं, आणि ज्या अत्याचाराची तक्रार होती ती बाजूला पडून बातमी बनते 'पिस्तुलासह तरुण अटकेत'. गावातल्या मातब्बराला याहून सोयीचं काही नसतं.

परवान्याच्या मार्गानेच गेलो तरी अडथळा कुठे येतो, तो पाहू. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचं कलम १४ अर्जदाराच्या बाजूचं आहे. केवळ पुरेशी मालमत्ता नाही म्हणून परवाना नाकारता येत नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. नकार द्यायचा तर कारणं लेखी नोंदवावी लागतात. कलम १८ खाली अपील आहे. २०१६ च्या नियमांनुसार शस्त्र सुरक्षेचं प्रशिक्षण घ्यावं लागतं, वय एकवीस हवं, शस्त्र कुलपात ठेवावं लागतं. हे सगळं जमण्यासारखं आहे. जमत नाही ते कलम १३ मधलं : जवळच्या पोलीस ठाण्याचा अहवाल. ज्या ठाण्यात आपली फिर्याद दोन दिवस घेतली गेली नाही, त्याच ठाण्याचा अहवाल. आणि त्या अहवालात काय असतं? क्रॉस केस. ॲट्रॉसिटीची तक्रार झाली की समोरून दरोड्याची, विनयभंगाची उलट तक्रार दाखल होते, हे आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ आहे. त्यावर भर म्हणून मोर्चातले गुन्हे, जयंतीच्या मिरवणुकीतले गुन्हे, प्रतिबंधात्मक कारवाईच्या नोटिसा. भीमा कोरेगावनंतरच्या ३ जानेवारी २०१८ च्या बंदमध्ये किती पोरांची नावं गुन्ह्यांत आली ते आठवा. ज्याला संरक्षणाची सर्वांत जास्त गरज, त्याचाच पोलीस अहवाल सर्वांत वाईट. ही साखळी परवान्याच्या अर्जात सुरू होत नाही. पण तिथे ती पूर्ण होते.

दुसऱ्या बाजूला काय आहे? केंद्रीय गृह मंत्रालयाच्या आकड्यांनुसार २०१६ अखेर देशात सुमारे ३३ लाख ६९ हजार शस्त्र परवाने होते. त्यात उत्तर प्रदेशात १२ लाख ७७ हजार, महाराष्ट्रात सुमारे ८४ हजार. हे परवाने कोणत्या जातींकडे आहेत याचा आकडा सरकार देत नाही. बीडने मात्र थोडं चित्र दाखवलं. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा खून झाला. त्याच्या तीनच दिवस आधी पवनचक्की कंपनीच्या आवारात एका दलित सुरक्षारक्षकाला मारहाण झाली होती आणि देशमुख त्याच्या मदतीला धावले होते. ही बाजू चर्चेत फार लवकर मागे पडली. खुनानंतर जिल्ह्यातल्या परवान्यांचा आकडा बाहेर आला, तो हजाराच्या वर होता. हवेत गोळीबार करणाऱ्यांचे, कमरेला पिस्तूल लावून फिरणाऱ्यांचे व्हिडिओ पुढे आले. त्यानंतर प्रशासनाने शंभराहून अधिक परवाने रद्द केले.

दोन गोष्टी लक्षात घ्या. देशमुखांना मारलं ते बंदुकीने नाही, पाइपने आणि लोखंडी सळ्यांनी. खैरलांजीतही बंदूक नव्हती. खर्ड्याला नव्हती. जून २०२३ मध्ये नांदेडच्या बोंढारला अक्षय भालेराव यांचा खून चाकूने झाला. महाराष्ट्रात परवान्याची बंदूक आपल्यावर क्वचितच झाडली जाते. ती कमरेला दिसते, ग्रामसभेत दिसते, निवडणुकीत दिसते, आणि साक्षीदार घरी बसतो. दुसरी गोष्ट म्हणजे परवाने रद्द करणं प्रशासनाला जमतं. एका महिन्यात जमतं. त्यासाठी नवीन कायदा लागला नाही, राज्यभर गाजलेला एक खून लागला. नियम ३ चा तिसरा खंड असा खून होण्याआधी वापरायचा होता.

बिहारचं उदाहरण देऊन काही जण म्हणतात की तिथे शस्त्राशिवाय पर्याय नव्हता. १९९६ ची बथानी टोला आणि १९९७ ची लक्ष्मणपूर बाथे, दोन्हीकडे रणवीर सेनेने बंदुकांनी माणसं मारली, बाथेत ५८. दोन्ही खटल्यांतले आरोपी पाटणा उच्च न्यायालयातून निर्दोष सुटले. तिथे आपल्या लोकांकडे बंदुका हव्या होत्या का, याचं उत्तर महाराष्ट्रात बसून देण्याचा आम्हाला अधिकार नाही. पण तिथेही पहिला प्रश्न हाच होता की सेनेच्या बंदुका कोणी काढून घेतल्या नाहीत.

आणि धोका नेहमी गावगुंडाकडून येतो असंही नाही. परभणीत १० डिसेंबर २०२४ ला संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, त्यानंतर वस्त्यांमध्ये धरपकड झाली, आणि १५ डिसेंबरला कायद्याचा विद्यार्थी असलेल्या सोमनाथ सूर्यवंशी यांचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. पोलिसांवर गुन्हा नोंदवण्याचा आदेश उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने दिला तो जुलै २०२५ मध्ये. त्या रात्री घराघरांत परवान्याची पिस्तुलं असती तर काय झालं असतं, याची कल्पना करून पाहा. जप्तीच्या पंचनाम्यात ती किती उपयोगी पडली असती, तेही पाहा.

घरातली बंदूक घरातल्यांवरच फिरते, हा मुद्दा आम्ही बायकांच्या बैठकांमध्ये मांडतो तेव्हा तो समजावून सांगावा लागत नाही. अमेरिकेत १९९३ मध्ये केलरमन आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात दिसलं की ज्या घरात बंदूक आहे तिथे घरातल्या माणसाचा खून होण्याचा धोका सुमारे २.७ पट जास्त आहे, आणि मारणारा बहुतेक वेळा कुटुंबातला किंवा ओळखीचाच. दारू, कर्ज आणि बेकारी असलेल्या घरात कपाटात भरलेलं रिव्हॉल्व्हर ठेवायचं का, हे ठरवताना घरातल्या बाईला विचारलं जाणार आहे का?

'बौद्धांनी शस्त्र कसं मागायचं' हा आक्षेप मात्र आम्हाला पोकळ वाटतो. शस्त्रांचा व्यापार उपासकाने करू नये असं बुद्धाने सांगितलं आहे, पण स्वतःचा जीव वाचवू नये असं सांगितलेलं नाही. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक केला आहे आणि अहिंसा हे तत्त्व आहे, आंधळा नियम नाही, असं म्हटलं आहे. ज्यांनी आयुष्यात कधी पोलीस ठाण्यात रात्र काढली नाही त्यांनी आम्हाला अहिंसा शिकवू नये. स्वसंरक्षणाचा अधिकार भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये सगळ्यांना आहे, बौद्धांनाही. पण महाडला २० मार्च १९२७ ला हल्ला झाला तेव्हा परिषदेला आलेल्यांमध्ये माजी सैनिक होते, उलट मारायची तयारी होती, आणि तरी बाबासाहेबांनी त्यांना आवरलं. पुढे हल्लेखोरांपैकी काहींना न्यायालयात शिक्षा झाली. समता सैनिक दलही याच काळात उभं राहिलं, शिस्तीच्या जोरावर.

मग परवाना मागायचाच नाही का? मागावा, पण विचार करून. खटल्यातला मुख्य साक्षीदार, एकट्या वस्तीवर राहणारं फिर्यादी कुटुंब, माहिती अधिकाराचं काम करणारा कार्यकर्ता, सैन्यातून निवृत्त झालेला माणूस, यांनी जरूर अर्ज करावा आणि त्यात नियम ३(१)(पाच) आणि कलम १४(२) यांचा उल्लेख करावा. नकार आला तर लेखी कारणं मागावीत. परवाना मिळो न मिळो, त्या अर्जाची पोचपावती ही प्रशासनाला धोका कळवला होता याचा पुरावा असते. उद्या काही झालं तर कलम ४ खाली कर्तव्यात कसूर केल्याचा मुद्दा त्या तारखेपासून मोजता येतो. सोबत कलम १५अ खाली साक्षीदाराला संरक्षण मागावं. ते २०१५ च्या दुरुस्ती अधिनियमाने आलेलं आहे आणि त्यासाठी कोणाला सव्वा लाख खर्च करावे लागत नाहीत.

पण त्याआधीचं काम स्वस्त आहे आणि ते कोणत्याही तालुक्यातली चार पोरं करू शकतात. २०२२ मध्ये देशात अनुसूचित जातींवरच्या अत्याचाराचे ५७,५८२ गुन्हे नोंदले गेले. यातल्या किती प्रकरणांत आरोपीच्या किंवा त्याच्या नातेवाइकांच्या नावावर शस्त्र परवाना होता आणि किती रद्द झाला? जिल्हाधिकारी कार्यालयात आणि पोलीस आयुक्तालय असेल तिथे आयुक्तालयात माहिती अधिकाराचा अर्ज द्यायचा, गेल्या पाच वर्षांत नियम ३ खाली रद्द केलेले परवाने आणि दिलेले परवाने, दोन्ही आकडे तालुकावार मागायचे. नियम १७ खालच्या जिल्हास्तरीय दक्षता व नियंत्रण समितीची बैठक तीन महिन्यांतून एकदा तरी व्हायलाच हवी. तिची इतिवृत्तं सहायक आयुक्त, समाजकल्याण यांच्या कार्यालयातून मिळवायची आणि त्यात शस्त्र परवान्यांचा विषय कधी निघाला का ते बघायचं. आमचा अंदाज असा की बहुतेक ठिकाणी उत्तर 'निरंक' येईल. तो निरंक शिक्क्यासह हातात आला की पुढच्या बैठकीत समितीसमोर ठेवायचा. समितीत अशासकीय सदस्य असतात, त्यात आपलीही माणसं असतात, आणि त्यांना आपण आजवर जयंतीच्या व्यासपीठावर बोलावण्यापलीकडे काही विचारलेलं नाही.